प्रकरण अभ्यास: जुन्या मॉरिस मायनरची पुणे ते गोवा सफर आणि तिच्या हत्यारांची पिशवी

पार्श्वभूमी

गाडी १९५७ची मॉरिस मायनर १०००. ९४८ सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, एसयू कार्बोरेटर आणि एसयूचाच विजेवर चालणारा पेट्रोल पंप. मालक पुण्यातले, वय सत्तरीला टेकलेलं. आयुष्य मशीन शॉपमध्ये गेल्याने हात लोखंडाला सरावलेले. बरोबर जाणार होता त्यांचा भाचा. त्याला गाडी उत्तम चालवता येते, पण पॉइंटवाली इग्निशन, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या टोकांनी ठिणगी पाडायची जुनी पद्धत, त्याने या गाडीआधी पाहिली नव्हती. मार्ग असा ठरला: पुणे, सातारा, कराड, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून राष्ट्रीय महामार्ग ६६ने सावंतवाडी आणि पुढे गोवा. परत येताना आंबोली घाट चढायचा. दिवस फेब्रुवारीअखेरचे, म्हणजे कोकणात दुपारी ऊन चांगलंच तापलेलं.

मी या प्रवासात नव्हतो. निघण्याआधीच्या बांधाबांधीत आणि परतल्यावरच्या चर्चेत होतो. दोघांनी सांगितलेलं पडताळून इथे मांडतो आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

नोंदणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अशा सफरीचा विचार करणारे बरेच जण इथेच गोंधळतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मान मोठा, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच मुभा असते. या मालकांनी ती नोंदणी घेतली नाही. जुन्या नंबरावरच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करतात, विमा आणि पीयूसी चालू ठेवतात. सहलीला जायचं असेल तर हे आधी ठरवावं, हत्यारांचा विचार त्यानंतर.

अडचण

निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या पोर्चमध्ये एक सतरंजी पसरली होती. तिच्यावर ढीग होता: पान्यांचे तीन संच, गोटी पान्यांची मोठी पेटी, टॉर्क रेंच, हायड्रॉलिक जॅक, हब पुलर, जादा वॉटर पंप, जादा कार्बोरेटर, गॅस्केटचा अख्खा संच, तीन हातोड्या, ग्रीस गन आणि डब्यात भरलेले नट-बोल्ट. मालकांचं म्हणणं, “राहिलेली वस्तूच नेमकी लागते.” भाच्याने तो ढीग घरच्या वजनकाट्यावर थोडाथोडा करून मोजला. तिसऱ्या माणसाच्या वजनाच्या जवळ गेला.

सदतीस हॉर्सपॉवरच्या गाडीला हे ओझं घाट चढताना जाणवतंच, पण खरी काळजी उतारावर. मागे भार आणि चारही ड्रम ब्रेक घेऊन कुंभार्ली उतरायचा होता. ड्रम तापले की पॅडल पायाखाली असूनही गाडी थांबत नाही, हे जुन्या गाडीवाल्यांना सांगायला नको. शिवाय डिकी अशी भरली की अंधारात हवी ती वस्तू सापडत नाही.

मापांचीही एक भानगड होती. मायनरचे बहुतेक बोल्ट इंची आहेत. अर्धा इंच, म्हणजे चार सूत, १२.७ मिलिमीटर होतो. त्यावर १३चा पाना बसतो, पण किंचित ढिला. साडेतीन सूत ११.१ मिलिमीटर, म्हणजे ११चा पाना चढतच नाही. साडेचार सूत १४.३, तिथे १४ जात नाही आणि १५ गोल फिरतो. सहा सुताला १९चा पाना व्यवस्थित बसतो, ती एकच मेहेरबानी. मालकांनी जुन्या बाजारातून उचललेले पाने इंचीच होते, पण त्यांतले निम्मे व्हिटवर्थचे, म्हणजे आणखी जुन्या ब्रिटिश मापाचे निघाले. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या दांड्याचं माप कोरलेलं असतं, डोक्याचं नव्हे. १/४ डब्ल्यू लिहिलेला पाना प्रत्यक्षात सव्वातेरा मिलिमीटरच्या थोडा वर उघडतो. चार सुताच्या बोल्टवर जोर लावला की कोपरे गेलेच समजा.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सगळं न्यायचा. त्याच्या विरोधातलं वर आलंच आहे. बाजूने इतकंच की मालकांना रात्री झोप लागली असती. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. निर्धास्त मनाने चालवणारा माणूस गाडी नीट चालवतो.

दुसरा पर्याय भाच्याचा. एक चाकपाना, एक जॅक आणि फोन. बंद पडली तर टोइंग गाडी बोलवायची. शहरात हे चालतं. पण घाटात रेंज नसली किंवा टोइंगवाला तासन्‌तास लांब असला तर काय? आणि समजा आला, तर गाडी नेणार कुठे? जवळच्या गॅरेजात नेली तरी तिथला फिटर बॉनेट उघडून बघणार आणि म्हणणार, “साहेब, याचा पार्ट पुण्यातच मिळेल.” गाडी दुसरीकडे हलली, बिघाड जागच्या जागी.

तिसरा पर्याय चर्चेतून निघाला. मी त्याच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि दोन प्रश्न विचारायचे. हे बिघडलं तर गाडी जागेवर थांबेल का? आणि हे चिपळूण, राजापूर किंवा कणकवलीच्या बाजारात मिळेल का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल तरच वस्तू पिशवीत. पंक्चर, वेल्डिंग, बॅटरी चार्जिंग, एमएमचे पाने, मोठा जॅक, ऑइल, कूलंट, पाइपचा तुकडा हे सगळं महामार्गावर जागोजागी आहे. ते पुण्याहून ओढत नेण्यात काय हशील?

मालकांना हा हिशेब पटायला वेळ लागला. अडकले ते वॉटर पंपापाशी. “हा गेला तर?” पंप एकदम जात नाही. आधी गळतो, मग आवाज करतो. गळायला लागला की पाणी भरत भरत पुढचं गाव गाठता येतं. शिवाय तो रस्त्याच्या कडेला बदलायचा म्हणजे रेडिएटर उतरवायचा. जे काम कडेला करणार नाही त्याचा पार्ट कशाला न्यायचा? हा तिसरा प्रश्न तिथेच ठरला, आणि कार्बोरेटर, गॅस्केट, हब पुलर एकेक करून सतरंजीवरून उचलले गेले.

पिशवीत काय गेलं

इग्निशनचा बहुतेक भाग जादा घेतला: पॉइंट, त्यांना जोडलेला छोटा कंडेन्सर, रोटर, एक प्लग आणि ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल. कॉइल जड, पण तापल्यावर बंद पडायची खोड तिला आणि कंडेन्सरला सारखीच, म्हणून ठेवली. फॅन बेल्ट. पेट्रोलचा रबरी होज मीटरभर, क्लिपांसह. हा होज आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. २०२३ पासून देशात टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं आणि मग चिरा जातात. निघण्याआधी गाडीतले सगळे होज इथेनॉल सोसणारे टाकून घेतले आणि जादाही त्याच जातीचा घेतला.

हत्यारांत इंची रिंग आणि डीई (कड्याचे आणि उघड्या तोंडाचे) पाने साडेतीन सूत ते सहा सूत, प्लग पाना, एसयू पंपाच्या बारीक नटांसाठी छोटा बीए (बारीक ब्रिटिश मापाचा) पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, नोज प्लायर, फटीचं माप घ्यायचा फिलर गेज, पॉइंट घासायची बारीक कानस. मूळ जॅकचा वाद झाला. तो बाजूच्या खोबणीत बसतो, आणि या वयाच्या गाडीत ती खोबण गंजलेली असू शकते. वरून रंग चांगला दिसला म्हणून आत पत्रा शाबूत आहे असं नाही. छोटा सिझर जॅक आणि त्याखाली टाकायला जाड फळी घेतली.

टेस्टर म्हणून भाच्याने एलईडीवाला घेतला होता. तो परत पाठवला. या गाडीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं आहे, आताच्या गाड्यांच्या उलट. एलईडी एका दिशेनेच पेटतो. घाईत उलटा लावला की करंट असून नाही असं वाटतं. त्यापेक्षा बारा व्होल्टचा साधा बल्ब आणि दोन तारा बऱ्या, बल्बला दिशा नसते. बाकी मगर-क्लिपच्या तारा, काचेचे फ्यूज, चिकटपट्टी, एम-सील, बाइंडिंग वायर, होज आवळायच्या जुबिली क्लिपा, एक लिटर ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, पाच लिटर पाणी, डोक्याला लावायचा टॉर्च, अग्निशामक आणि इंजिन फिरवायचं हँडल. हँडल मालकांनी कोणालाही न विचारता ठेवलं.

एका निर्णयाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. जादा कंडेन्सर नवा घ्यायचा की वापरलेला? मालकांकडे खोक्यातला कोरा होता आणि गाडीत दोन वर्षं बिनतक्रार चाललेला एक होता. माझं मत वापरलेल्याच्या बाजूने पडलं. हल्ली जुन्या गाड्यांसाठी बनणारे कंडेन्सर आणि रोटर यांचा भरवसा नाही, काही तर बसवल्या दिवशीच दगा देतात. तेव्हा कोरा गाडीला लावून आठवडाभर शहरात फिरवायचा आणि चाललेला काढून पिशवीत ठेवायचा, असं ठरलं. आठवडाभर कोऱ्याने काहीच कुरकुर केली नाही.

घरची तालीम

निघण्याआधी पिशवी बंद करून मालकांनी भाच्याला सांगितलं, “आता फॅन बेल्ट बदल. हात फक्त या पिशवीत घालायचा.” बेल्ट बदलायला डायनामोचे बोल्ट ढिले करावे लागतात. दोन मापांचे पाने लागले, दोन्ही पिशवीत होते. पण डायनामो मागे ताणून धरायला काहीच नव्हतं. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, हवी होती. मग चाकपान्याच्या दांड्याने काम भागतं असं दिसलं आणि वेगळी टॉमी टळली. पॉइंटचा गॅप भाच्याने पहिल्यांदा स्वतः लावला. पंधरा हजारांश इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. प्रत्येक प्रयत्नात स्क्रू आवळताना गॅप सरकायचा. संध्याकाळपर्यंत जमलं.

कंडेन्सर बदलायची तालीम मात्र झाली नाही. तो आठवडाभर आधीच मालकांनी स्वतः बदलला होता आणि “एक स्क्रू तर आहे” म्हणून राहिली. पुढे नेमकं तेच काम करायची वेळ आली.

लांजा सोडल्यावर

पहिला दिवस सुरळीत. कुंभार्ली दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला मधेमधे उसंत देत उतरले. मुक्काम चिपळूणला. दुसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला, जेवण हातखंब्याजवळ. लांजा सोडून राजापूरच्या दिशेने जाताना एका चढावर इंजिन अडखळलं, दोनदा मिस झालं आणि बंद पडलं. ऊन उतरायला लागलं होतं, बॉनेटखाली मात्र हात लावू नये इतकं गरम.

मालकांनी किल्ली फिरवली आणि भाच्याला गप्प बसायला सांगितलं. एसयू पंप बोलतो. किल्ली लावली की टिकटिक करतो आणि कार्बोरेटर भरला की थांबतो. एकही टिक आली नसती तर पंपावर संशय. टिकटिक थांबलीच नसती तर पेट्रोल संपलंय किंवा पंप कुठून तरी हवा ओढतोय. इथे दोन टिक आल्या आणि पंप शांत झाला. म्हणजे पेट्रोल पोचतंय. बिघाड ठिणगीचा.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला. बोलाचाली चालू असताना वीसेक मिनिटं गेली, इंजिन निवलं, आणि सहज सेल्फ मारून बघितला तर गाडी चालू झाली! भाचा म्हणाला, “मामा, निघू या. राजापूर जवळच आहे, तिथे बघू.” थंड झाल्यावर चालू होणारी इग्निशन म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर, हे मालकांना माहीत होतं. ते त्या वेळी उभे होते ती जागाही चांगली होती, रुंद कडा, शेजारी बंद टपरी, उजेड. तरी निघाले. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातला सर्वांत वादग्रस्त निर्णय हाच. मालक आजही त्याचं समर्थन करतात: गावात पोचलो असतो तर चहा पीत दुरुस्ती झाली असती.

काही किलोमीटरवर गाडी पुन्हा बंद पडली, या वेळी वळणाच्या तोंडाशी, कडा अरुंद, आणि अंधार पडायला सुरुवात. आता आधी धोक्याची सूचना देणारा त्रिकोण मागे ठेवायचा होता. त्रिकोण डिकीत, बॅगांच्या खाली. बॅगा रस्त्याच्या कडेला काढून ठेवाव्या लागल्या. तोपर्यंत भाचा मोबाइलचा टॉर्च हलवत मागे उभा होता, आणि ट्रक हॉर्न वाजवत जात होते. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही.

बॅटरी आणि टेम्पो

मधल्या काळात भाच्याने बरेचदा सेल्फ मारल्याने बॅटरी उतरली होती. एक छोटा टेम्पो थांबला. चालक भला माणूस, त्याच्याकडे जंपर केबल होत्या. त्याने टेम्पो तोंडाशी तोंड लावून उभा करायला सुरुवात केली आणि भाच्याने केबल हातात घेतली. आताच्या गाडीची पद्धत त्याला पाठ होती: लाल प्लसला, काळी बंद गाडीच्या बॉडीला.

या गाडीची बॉडी म्हणजे प्लस. काळी क्लिप तिला लावली असती तर टेम्पोच्या बॅटरीचं थेट शॉर्टसर्किट. एवढंच नाही, लाल केबल लावलेली असताना दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकले असते तरी तेच, कारण टेम्पोची बॉडी मायनस आणि मायनरची प्लस. मालकांनी टेम्पो हाताने थांबवला, केबल परत दिली आणि चालकाला म्हणाले, “दादा, तुमचा उजेड द्या फक्त.” चालकाने टेम्पो थोडा मागे घेऊन हेडलाइट बॉनेटवर पाडला. त्या उजेडाचा उपयोग केबलपेक्षा जास्त झाला.

जंप देता आलाच नसता असं नाही. गाड्या लांब ठेवून, टोकाला टोक जोडून देता येतो. पण अंधारात, घाईत, तीन माणसांपैकी एकालाच उलटी वायरिंग माहीत असताना तो धोका घ्यायचा नाही, हे मालकांनी क्षणात ठरवलं. माझ्या मते बरोबर ठरवलं. सेल्फला पुरेशी नसलेली बॅटरी ठिणगीला पुरते, आणि इंजिन फिरवायला हँडल होतं.

कंडेन्सर

डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे पॉइंट असलेल्या आणि प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची, टोपी काढली. किल्ली चालू ठेवून मालकांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट उघडझाप केले. पॉइंटमध्येच निळसर, जाड ठिणगी उडत होती, आणि कॉइलची मुख्य तार बॉडीजवळ धरली तर तिथे जेमतेम. कंडेन्सरचं काम पॉइंट उघडताना ती ठिणगी गिळायचं असतं. तो मेला की ठिणगी पॉइंटवरच जळते आणि प्लगला काही उरत नाही. कॉइलला हात न लावता बिघाड सापडला. आठवडाभर गुणी बाळासारखा चाललेला कोरा कंडेन्सर तापल्यावर गेला होता.

गेलेला कंडेन्सर निघाला. पिशवीतला चाललेला बसवताना भाच्याच्या हातून तो एकुलता एक स्क्रू निसटला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. टिंग असा आवाज आला, मग काहीच नाही. तो डिस्ट्रिब्युटरच्या आत पडला नाही ना, हे आधी बघितलं. तिथे अडकला असता तर इंजिन फिरवताना आणखी मोडतोड. आत नव्हता. खाली रस्त्यावर, खडीत, टॉर्च घेऊन शोधाशोध. मिळाला नाही. पिशवीत तसा दुसरा नव्हता.

यानंतर मालकांनी जे केलं त्यासाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं. कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या आतच असायला हवा असं विजेला काही वाटत नाही. तो पॉइंटला समांतर जोडलेला हवा, बस. पॉइंटकडे जाणारी तार कॉइलच्या ‘सीबी’ लिहिलेल्या टोकावरून निघते. कंडेन्सरची तार त्या टोकाला लावली आणि त्याची धातूची बॉडी कॉइलच्या पट्टीशी जुबिली क्लिपने आवळली. पट्टीवरचा रंग आधी कानशीने खरवडला, नाहीतर अर्थिंग मिळालं नसतं. डिस्ट्रिब्युटरमध्ये उरलेल्या तारेचं टोक पॉइंटच्या स्प्रिंगलाच टेकलंय, खांबाला नाही, याची खात्री केली. तिथे इन्सुलेटरची चकती उलटसुलट बसली तर पॉइंट कायमचे बॉडीला जोडले जातात आणि मग सगळं नवं टाकूनही ठिणगी येत नाही.

मग हँडल. मालकांनी अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवला. अंगठा वेढून धरला आणि इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट जातं. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं. टेम्पोवाला टाळ्या वाजवत होता म्हणे.

राजापूर आणि पुढे

रात्री राजापूरला मुक्काम. सकाळी लॉजवाल्याला विचारलं, “इथे अॅम्बॅसेडरचं काम कोण करायचं?” हा प्रश्न आम्ही पुण्यात ठरवून दिला होता. अॅम्बॅसेडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तिचे बोल्टही इंची, इंजिन त्याच घराण्यातलं, आणि ती २०१४ पर्यंत बनत होती. सरकारी कचेऱ्या आणि टॅक्सीवाल्यांमुळे तिचे मिस्त्री गावोगाव होते. मॉरिस मायनरचा फिटर शोधला तर कोकणात मिळणार नाही, अॅम्बॅसेडरचा वस्ताद मिळतो.

मिळाला. आता दुचाक्यांची कामं करणारा, साठीचा माणूस. बॉनेट उघडल्याबरोबर म्हणाला, “अहो, ही तर अॅम्बॅसेडरची धाकटी बहीण.” त्याच्या पत्र्याच्या डब्यात बारीक स्क्रूंचा ढीग होता. त्यातला एक बसला. त्याने कंडेन्सर मूळ जागी नेला, पॉइंट घासून गॅप लावला आणि डब्यातून एका जुन्या गाडीचा कंडेन्सर काढून दिला. वर म्हणाला की पॉइंटवाल्या कुठल्याही बारा व्होल्ट गाडीचा चालून जातो. ते बहुतांशी खरं आहे. त्यांची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासच असते, फरक पडतो तो आकारात आणि पकडीत. म्हणजे ‘वाटेत मिळणार नाही’ या आमच्या यादीतली पहिलीच वस्तू वाटेत मिळाली. मिळाला नसता तो स्क्रू.

गोव्यातले दिवस विनातक्रार. परतताना आंबोली चढताना रेडिएटरचा वरचा होज क्लिपपाशी पाझरला. क्लिप सरकवून आवळली, पाणी भरलं, संपलं.

फलित

गाडी आपल्या चाकांवर पुण्याला परतली. टोइंग लागलं नाही. पिशवीतल्या बहुतेक वस्तूंना हात लागला नाही, पण त्यावरून त्या जास्त होत्या असं मी म्हणणार नाही. कंडेन्सर, जुबिली क्लिप, कानस, हँडल आणि टॉर्च यांनी रात्र तारली. घरी सोडलेल्या ढिगातलं एकदाही काही आठवलं नाही, असं मालकांनी सांगितलं. भाच्याचं म्हणणं, मोठी गोटीपेटी एकदा आठवली होती, पण ते त्याने तेव्हा बोलून दाखवलं नाही.

पुढच्या वेळी वेगळं काय

पिशवी आता दोन भागांत आहे. त्रिकोण, परावर्तक जॅकेट, टॉर्च, अग्निशामक आणि हातमोजे पुढच्या सीटखाली. बाकी सगळं डिकीत. जे थांबल्याबरोबर लागतं ते सामानाखाली ठेवायचं नाही.

जादा पार्टबरोबर त्याचे स्क्रू, वॉशर, चकत्या एकाच छोट्या डबीत आणि तेही दोन-दोन. काम करताना डिस्ट्रिब्युटरखाली फडकं पसरायचं. स्क्रू ड्रायव्हरला चुंबक लावून घेतलं आहे. तालीम सगळ्या कामांची करायची, सोप्या कामांचीही, आणि ती दोघांनी. मालक एकटेच जाणते असले तर त्यांचा हात दुखावल्यावर पिशवी निरुपयोगी.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मोठ्या लाल अक्षरांत लिहून घेतलं आहे: ‘प्लस बॉडीला’. मदतीला येणारा माणूस आधी ते वाचेल.

थांबायचा नियम ठरला आहे. पहिल्यांदा बंद पडली ती जागा सुरक्षित असेल तर कारण सापडेपर्यंत हलायचं नाही, मग गाडी स्वतःहून चालू झाली तरी. मालकांनी हा नियम मान्य केला आहे, मात्र कागदावर ‘शक्यतो’ हा शब्द स्वतःच्या हाताने घातला आहे.

एका मुद्द्यावर एकमत नाही. भाच्याला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायची आहे. प्लस बॉडीला असलेल्या गाडीसाठीही तशी मॉड्यूल मिळतात, आणि कंडेन्सरचा प्रश्नच उरत नाही. मालकांचा आक्षेप असा की पॉइंट बिघडले तर दिसतात, घासता येतात, मॉड्यूल गेलं तर त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं. मी सुचवलेला तोडगा सध्या चाचणीवर आहे: मॉड्यूल गाडीत, आणि पॉइंट व कंडेन्सर आधीच लावून, गॅप ठरवून तयार केलेली अख्खी जुनी प्लेट पिशवीत. रस्त्यावर दोन स्क्रू काढून प्लेट बदलली की झालं. त्या दोन स्क्रूंचे जादा स्क्रू डबीत आहेत, प्लेट बदलायची तालीम भाच्याची झाली आहे, मालकांची अजून व्हायची आहे.